नव्या प्लॅनमध्ये धुणं कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत सध्या रिडेव्हलपमेंटवर, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधण्यावर, बरंच छापून येतंय, कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) किती मागावा, भाडं किती महिन्यांचं आगाऊ घ्यावं, कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) किती वाढवून मागावा वगैरे, आणि ते सगळं उपयोगाचं आहे, आमच्याकडे ती पानं कापून फाइलला लावलेली आहेत. पण एक विषय मला त्यात कुठेच सापडला नाही म्हणून हे पत्र लिहितेय. नव्या घरात कपडे कुठे धुवायचे आणि कुठे वाळत घालायचे?

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आता पाडायला निघालीये. बिल्डरच्या माणसांनी हॉलमध्ये पडदा लावून प्लॅन दाखवला. लॉबी दाखवली, पोडियमवरची बाग, जिम, किचनमध्ये चिमणी कुठे, फ्रीज कुठे, बेडरूमला वॉर्डरोब कुठे, टीव्हीचा पॉइंट कुठे, सगळं रंगवून दाखवलं. वॉशिंग मशीनचा एक चौकोन बाथरूमच्या कोपऱ्यात काढलेला, कमोडच्या शेजारी, तो पण फक्त टू बीएचकेमध्ये, वन बीएचकेमध्ये तेवढाही नाही. मी विचारलं दांड्या कुठे लावायच्या, तर उत्तर आलं, "मॅडम, आता कोण वाळत घालतंय, ड्रायर घ्या ना." आणि वर असंही सांगितलं की बाहेरून कपडे दिसता कामा नयेत असं करारातच कलम असणार आहे कारण एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप, खराब दिसतं. म्हणजे पुढच्या बाल्कनीत घालायचे नाहीत, गच्चीवर सोलर आणि टाक्या येणार त्यामुळे तिथे कुलूप, घरात जागा नाही. मग पाच माणसांचे रोजचे कपडे, टॉवेल, आठवड्याच्या चादरी, बाळ असेल तर त्याची दुपटी, हे सगळं जाणार कुठे?

हा काही आमच्याच बिल्डरचा प्रश्न नाही. मी गेल्या वर्षभरात नातेवाइकांची, मैत्रिणींची बरीच नवीन घरं पाहिली, ठाण्यात, बदलापुरात, पुण्यात वाकड बाणेरकडे, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हॉलमध्ये घडीचं स्टॅंड उभं आणि त्यावर ओले कपडे. पाहुणे आले की ते उचलून बेडरूममध्ये न्यायचं आणि पाहुणे गेले की परत पंख्याखाली. लाखो रुपये, कित्येकांचं आयुष्यभराचं कर्ज, आणि रोज होणाऱ्या कामाला त्या घरात हक्काची जागा नाही.

जुनी घरं लहान होती, गैरसोयीची पण होती, पण धुण्याचा विचार त्यात केलेला असायचा हे मान्य करावं लागेल. दोन खोल्यांच्या घरात सुद्धा मोरी असायची, कठडा असलेली, उतार नीट असलेली, शहाबादी फरशीची. वाड्यांमध्ये उंच दांड्या असायच्या आणि काठीने लुगडं वर सरकवून पसरायचं, खाली माणसांची ये-जा चालू. चाळीत गॅलरीभर दोऱ्या. आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही किचनच्या मागे चार फुटांची गॅलरी आहे, तिथे धुण्याचा दगड आहे, नळ आहे, वर चार दांड्या आहेत आणि दुपारी दोन तास ऊन येतं. रिडेव्हलपमेंटमध्ये आमचा कार्पेट वाढणार आहे आणि ही गॅलरी जाणार आहे.

यात कार्पेटच्या हिशोबाचा पण भाग आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे त्यात आतल्या भिंती धरतात पण फक्त आपल्या वापराची बाल्कनी, व्हरांडा किंवा उघडं टेरेस धरत नाहीत. व्याख्या चांगल्यासाठीच केली, पूर्वी सुपर बिल्टअपच्या (जिना, लॉबी वगैरे धरून काढलेल्या क्षेत्रफळाच्या) नावाखाली काहीही खपायचं ते बंद झालं. पण लोक दोन ऑफर्सची तुलना करताना फक्त कार्पेटचा आकडा बघतात, आणि किचनमागची ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी, त्या आकड्यात येतच नाही, त्यामुळे ती तीन फुटांची आहे की दोन फुटांची की नाहीच, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चारशे ऐंशी चौरस फुटांचे पाचशे दहा झाले की सगळे खूश. आणि ज्यांना ड्राय बाल्कनी मिळते त्यातले अर्धे लोक पहिल्या दिवाळीच्या आत ती फोडून किचनमध्ये घेतात, मग मशीन परत बाथरूममध्ये.

माझ्या लेकीचा फ्लॅट पुण्यात आहे. तिथे ड्राय बाल्कनी होती, पण कामाची नव्हती. तिने ती पूर्ण नव्याने करून घेतली आणि ते काम चालू असताना मी तिथेच राहायला होते त्यामुळे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला सगळ्यांशी बोलणं माझंच झालं. त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहिते कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

जागा साधारण तीन फूट बाय साडेसहा फूट, पुण्यात सर्रास असते तेवढीच. सर्वांत आधी उतार. आधीच्या फरशीचा उतार उलटा होता, म्हणजे पाणी नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीकडे) न जाता किचनच्या दाराकडे यायचं आणि रोज झाडूने लोटावं लागायचं. एका मीटरला एक सेंटिमीटर एवढा जरी उतार ट्रॅपकडे दिला तरी पाणी आपोआप जातं, डोळ्याला तो दिसत पण नाही. बाल्कनीची पातळी किचनपेक्षा इंच दीड इंच खाली पाहिजे आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी पाहिजे. फरशी उखडलीच आहे तर खाली वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं आणि मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं, चोवीस तास तरी, आणि खालच्या मजल्यावाल्यांना सांगून त्यांचं छत बघायचं. ही टेस्ट कंत्राटदार टाळायला बघतात, घाई असते त्यांना. टाळू देऊ नका. नंतर खाली ओल गेली की दोन घरांमध्ये जी भांडणं होतात ती सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षं चालतात.

मग मशीनचं पाणी. बऱ्याच घरात मशीनचा पाइप नुसता जमिनीवर ट्रॅपच्या जाळीवर टाकून देतात. फ्रंट लोड असेल तर हे चुकीचं आहे. त्याच्या ड्रेन पाइपचं टोक साधारण दोन ते तीन फूट उंचीवर अडकवायला सांगतात, कारण ते खाली पडलेलं असेल तर मशीनमध्ये भरलेलं पाणी सायफनने आपोआप वाहून जातं, मशीनला वाटतं पाणी कमी आहे म्हणून ते अजून घेतं, आणि आपण म्हणत बसतो की मशीन पाणी फार पितं, सायकल संपत नाही. लेकीच्या घरी नेमकं हेच चालू होतं आणि सर्व्हिसवाला येऊन दोनदा वेगळंच काहीतरी बदलून पैसे घेऊन गेला होता. आता भिंतीत एक उभा पाइप दिलाय, मशीनचा पाइप त्यात वरून सोडलाय, पण गच्च सील केलेला नाही, थोडी हवा राहिली पाहिजे. खर्च अगदी किरकोळ.

ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं ते वास आणि झुरळं अडवायला, म्हणून ट्रॅप खोल असलेला चांगला आणि जाळी हाताने निघणारी पाहिजे, कारण कपड्यांचा कापूस, केस, शर्टाची बटणं सगळं तिथेच अडकतं. अजून एक, जे खालच्या मजल्यावर राहतात त्यांच्यासाठी. उंच टॉवरमध्ये वरच्या पंधरा वीस घरांच्या मशीन्सचा फेस एकाच उभ्या पाइपमधून खाली येतो, तळाला पाइप वळतो तिथे तो तुंबतो आणि पहिल्या दुसऱ्या मजल्याच्या ट्रॅपमधून उसळून वर येतो. रविवारी सकाळी बाल्कनीभर फेस. याला पावडर कमी वापरा हे उत्तर नाही, खालच्या मजल्यांची लाइन त्या उभ्या पाइपला न जोडता वेगळी बाहेर काढायची असते, आणि ते फक्त बिल्डिंग बांधतानाच होऊ शकतं. म्हणून प्लॅन बघताना हे विचारा.

नळ दोन पाहिजेत. एक मशीनचा स्वतःचा, आणि एक बादलीचा. एकाच नळाला टी लावून दोन्ही चालवलं की तो टी गळतोच. मशीनचा नळ हाताला येईल असा वर, मशीनच्या मागे नको, म्हणजे वापर झाला की बंद करता येतो, कारण तो पाइप कधी ना कधी फुटतो आणि तो नेमका आपण गावाला गेल्यावर फुटतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी प्रेशर तपासा. बऱ्याच मशीन्सना निदान ०.३ बार तरी प्रेशर लागतं, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा तीन मीटर तरी उंच पाहिजे, आणि शेवटच्या मजल्यावर तेवढं नसतं, मग मशीन एरर दाखवत बसतं. तिथे छोटा प्रेशर पंप लागतो, त्याची जागा आणि पॉइंट आधीच ठेवलेला बरा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार आलेच, मशीनच्या नळाला जाळीचा फिल्टर लावा आणि तो काढून धुवा.

लाइटचा पॉइंट हा तर माझा फार जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. पाणी गरम करणाऱ्या मशीनचा हीटर दोन हजार वॅटच्या आसपास असतो, म्हणजे नऊ अँपिअरच्या जवळ करंट. त्याला सोळा अँपिअरचाच पॉइंट पाहिजे, बोर्डापासून स्वतंत्र वायर, अर्थिंग खरोखर जोडलेलं, आणि मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटण. लेकीच्या घरी मिक्सरच्या साध्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून मशीन चालू होतं, प्लग काढला तर एक बाजू काळी पडलेली. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, ओल्या हाताने, रोज कुणीतरी ते बटण दाबत होतं. आता पॉइंट छातीच्या उंचीवर आहे, झाकणाच्या बॉक्समध्ये, नळापासून लांब.

आणि गॅस. पुण्यात पुष्कळ घरांत सिलिंडर ड्राय बाल्कनीत असतो, काही घरांत गॅस गिझर पण तिथेच. पावसाचं पाणी येतं, धूळ येते, कबुतरं येतात म्हणून लोक सरळ काचा लावून बाल्कनी बंद करतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, आणि तिथेच खाली मशीनचा प्लग. गॅस गिझर बंद जागेत चालला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही वास नाही, माणूस जातो आणि कळत पण नाही. त्यामुळे काच लावायचीच असेल तर आधी गिझर तिथून काढा, आणि वर खाली कायमची उघडी राहणारी जाळी ठेवा. लेकीने काच लावलीच नाही, कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावली आणि बाहेरून फुटभराचं छज्जासारखं पत्र्याचं शेड, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन. वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर त्या जागेला ड्राय म्हणण्यात अर्थच नाही.

मशीन कुठलं घ्यायचं हे पण जागेवर ठरतं, सेलवर नाही. टॉप लोडचं झाकण वर उघडतं, उघडल्यावर ते जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत जातं, म्हणजे त्याच्यावर शेल्फ किंवा खाली येणारी दांडी चालत नाही. फ्रंट लोडला वर कडप्प्याचा ओटा करता येतो, मशीन पंच्याऐंशी सेंटिमीटर असतं, ओटा नव्वदला, आणि त्या ओट्यावर कपड्यांच्या घड्या करता येतात, डाग काढता येतात, इस्त्रीचे कपडे वेगळे काढता येतात. पण त्याचं दार पुढे उघडतं आणि समोर वाकायला बसायला माणसाला जागा पाहिजे. तीन फुटांच्या रुंदीत मशीन लांब भिंतीला लावलं तर समोर एकच फूट उरतो, मशीनमागे पाइपला तीन चार इंच सोडावे लागतात हे पण लोक विसरतात. आम्ही ते टोकाच्या भिंतीला लावलं, म्हणजे समोर साडेतीन चार फूट मोकळे मिळाले, आणि बाजूला उरलेल्या फुटभर खाचेत झाडू, पोछा, बादली. मशीनखाली रबराचे पॅड, कारण स्पिनला ते थरथरतं आणि खालच्यांना रात्री आवाज जातो.

आता ज्या बाईंसाठी मी हे सगळं करायला लावलं त्यांच्याबद्दल लिहिते. लेकीकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी साठीच्या आसपासच्या आहेत. मशीन असलं तरी हाताने धुवायचं संपत नाही हे ज्यांच्या हातात घर आहे त्यांना माहितीये, कॉलर, पायमोजे, पोछ्याची फडकी, रंग जाणारे कपडे, सुती साड्या. मावशी हे सगळं उकिडव्या बसून करायच्या, पाठ किचनच्या दाराला टेकलेली, गुडघा मशीनला लागलेला, आणि उठताना मशीनच्या कडेला धरून उठायच्या. नवीन करताना मी आर्किटेक्टला म्हटलं की उभ्याने धुता येईल असं खोल सिंक द्या. त्याने किचनच्या ओट्याच्या उंचीचं काढलं, बत्तीस इंच. मावशींची उंची पाच फुटांच्या आत, त्या उंचीवर खोल सिंकमध्ये ओली चादर पिळायची म्हणजे खांदे वर उचलावे लागतात. मग आम्ही त्यांनाच उभं केलं, रिकामी बादली उलटी ठेवून त्यावर पाट ठेवून हात ठेवायला सांगितला, आणि जिथे त्यांचे कोपर आरामात राहिले ती उंची आली अठ्ठावीस इंच. सिंक त्या उंचीला लावलं, आत एका बाजूला खरबरीत दगडाचा उतरता तुकडा बसवून घेतला घासायला. पहिल्या दिवशी मावशींनी सगळं धुऊन झाल्यावर सिंक स्वतःहून पुसून कोरडं केलं, कुणी सांगितलं नव्हतं. घरातल्या कुठल्याही जागेचं माप ती वापरणाऱ्या माणसाला उभं करून घ्यावं असं मला तेव्हापासून फार वाटतं, आणि आपल्याकडे ते माप जवळजवळ नेहमी ती जागा कधीच न वापरणारा माणूस ठरवतो.

वाळत घालण्याकडे येते, कारण खरी अडचण तीच आहे. सहा किलो कपडे मिनिटाला हजार बाराशे फेऱ्यांच्या स्पिनने पिळून निघाले तरी त्यात तीन साडेतीन लिटर पाणी असतं. जून ते सप्टेंबर हवा आधीच ओलीने भरलेली, ते पाणी जाणार कुठे, भिंतीत, गादीत, कपाटाच्या मागच्या प्लायमध्ये. मग कोपऱ्यात काळी बुरशी, कपड्यांना कुबट वास, आणि घरातल्या दमेकऱ्याला त्रास. म्हणून वाळत घालायची जागा अशी पाहिजे की तिथली ओल घरात न येता बाहेर जाईल. बाल्कनी असेल तर उत्तमच, नसेल तर निदान खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन, आणि मधलं दार बंद करता येईल असं.

दांड्यांबद्दल कुणी दोन मिनिटं विचार करत नाही. छताला लावायचे दोरीने वरखाली होणारे हँगर आता सगळीकडे मिळतात, प्रत्येक पाइप वेगळा खाली येणारा घ्या, सगळे एकदम उतरणारे ओल्या कपड्यांनी फार जड होतात. दोन पाइपांमध्ये सहा इंच तरी अंतर पाहिजे, नाहीतर कपड्याला कपडा चिकटतो आणि मधले वाळतच नाहीत. डबल बेडची चादर दांडीवर अर्धी टाकली तरी चार फूट खाली लोंबते, त्यामुळे एक दांडी तरी अशी ठेवा की तिच्याखाली मशीन किंवा ओटा येणार नाही. साडी आखूड दांडीवर चार घड्या घालून टाकली की आतल्या घड्या संध्याकाळपर्यंत ओल्याच. साडेसहा फुटांच्या बाल्कनीत लांबीच्या दिशेने पाइप लावले तर साडी दोन घड्यांत बसते, रुंदीच्या दिशेने लावले तर नाही. त्याच जागेत, त्याच पैशात, फक्त दिशा बदलून हा फरक पडतो. छताला ड्रिल मारताना स्लॅबमध्ये नीट फास्टनर बसवून घ्या, पीओपीमध्ये नको, ओल्या चादरींसकट खाली आलेलं मी बघितलंय.

ड्रायरला माझा विरोध नाही. पावसाळ्यात, बाळ असलेल्या घरात, दोघं नोकरी करणाऱ्या घरात तो खरंच उपयोगी आहे. पण "ड्रायर घ्या" हे जागा न देण्याचं उत्तर होऊ शकत नाही. साधा ड्रायर सात आठ किलोच्या पूर्ण लोडला चार पाच युनिट वीज खातो, हीट पंपवाला दोनच्या आसपास, पण त्याची किंमत पुष्कळ जास्त. आणि तो ठेवायला पण दोन बाय दोन फूट जागा, वेगळा पॉवर पॉइंट लागतोच. वर्षातले सात आठ महिने आपल्याकडे फुकट कडक ऊन आहे, त्या उन्हात दोन तासांत कपडे कडकडीत वाळतात, ते सोडून बिल भरायला लोकांना का लावायचं?

बाहेरून कपडे दिसू नयेत या कलमाबद्दल तर मला फार राग आहे. दिसू नयेत असं वाटत असेल तर आर्किटेक्टने आडोसा काढावा, जाळीदार भिंत, उभ्या पट्ट्या, मागच्या बाजूची बाल्कनी, किती मार्ग आहेत. जागा न देता नुसती बंदी घातली की लोक खिडकीबाहेर काहीतरी लोंबकळतं लावतात आणि बायका ग्रिलवर पाय देऊन, स्टुलावर चढून बाहेर वाकतात. कपडे वाळत घालताना तोल जाऊन पडल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात येतात, आतल्या पानावर चार ओळी. दहाव्या मजल्यावर हाताच्या टप्प्यात, कठड्याच्या आत वाळत घालायची सोय असणं ही सुरक्षेची गोष्ट आहे, लिफ्ट आणि फायर एक्झिटसारखीच.

सिंगापूरला माझा भाचा काही वर्षं होता. तिथली हवा आपल्या कोकणासारखीच दमट, पाऊस वर्षभर, आणि बहुतेक लोक सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. तिथल्या जुन्या सरकारी घरांत मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बांबू अडकवायच्या नळ्या इमारतीबरोबरच बसवलेल्या असायच्या, कपडे बांबूवर ओवून तो बाहेर काढायचा. ओला बांबू उचलून खोचणं धोक्याचं म्हणून पुढे सरकारने त्याऐवजी सुरक्षित रॅक द्यायला सुरुवात केली. मुद्दा एवढाच की बांधणाऱ्याने धुण्याचा विचार केला होता, चूक वाटली तेव्हा सुधारणा पण केली. इतक्या श्रीमंत शहराला खिडकीबाहेर कपडे दिसण्याची लाज वाटली नाही, आणि आपल्या डोंबिवलीच्या नव्या सात मजली इमारतीला वाटते.

ज्यांच्या सोसायट्या या वाटेवर आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याकडे सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली रिडेव्हलपमेंटबद्दलचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे सभा होतात, ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर गोष्टी पुढे जातात. त्या सभांना घरातल्या बायका जात नाहीत, फ्लॅट नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर असतो, आणि ज्यांना रोज धुवायचंय त्यांना सोडून बाकीचे प्लॅन पास करतात. फ्लॅट ज्यांच्या नावावर आहे त्यांनी निदान जायच्या आधी घरात विचारावं. आणि जे ठरेल ते तोंडी नको, विकास करारात आणि त्याला जोडलेल्या प्लॅनमध्ये लिहून घ्यायचं. मी आमच्या कमिटीला लेखी दिलंय: किचनला लागून निदान साडेतीन फूट रुंद धुण्याची बाल्कनी, कार्पेटच्या वर वेगळं माप लिहून, त्यात दोन नळ, उभा ड्रेन पाइप, सोळा अँपिअरचा पॉइंट, दांड्यांसाठी छतात हुक, आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात चादरी गोधड्यांसाठी सामायिक दोऱ्या, कुलूप न लावता. कमिटीतले एक काका म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून बिल्डर पळून जाईल. एका घरामागे नळ, पाइप, पॉइंट आणि हुक यांचा खर्च त्या जिमच्या एका ट्रेडमिलएवढा सुद्धा नाही. बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांतून माझ्या पत्रावर सह्या मिळाल्या आहेत, भाडेकरूंनी पण विचारलं आम्ही सही करू का.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीत मॉड्युलर किचनची आणि फॉल्स सिलिंगची चित्रं येतात तशी या जागेची पण येऊ द्या, मापांसकट, वन बीएचकेसाठी वेगळी, टू बीएचकेसाठी वेगळी, जागाच नसलेल्या जुन्या वन आरकेसाठी पण काही सुचवा. एखाद्या आर्किटेक्टकडून आणि एखाद्या अनुभवी प्लंबरकडून, दोघांकडून लिहून घ्या, कारण यातलं निम्मं ज्ञान प्लंबरकडेच असतं आणि त्याला कुणी विचारत नाही. आर्किटेक्ट मंडळींना पण सांगणं आहे की प्लॅनवर डबल बेड आणि डायनिंग टेबल काढता तशी एक बादली, एक मशीन उघड्या दारासकट, एक उभी बाई आणि चार दांड्या स्केलमध्ये काढून बघा. आमच्या सोसायटीचा करार पावसाळा संपल्यावर सहीला येणार आहे, त्याच्या आधी असा एखादा लेख आला तर तो मी सभेत वाटेन, झेरॉक्स माझ्या खर्चाने.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)